भाड्याचे घर आणि दोन अमानती

बोईसर हे भाड्याच्या घरांचे गाव आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कारखाने, समुद्राकडेचे १९६९ पासून वीज देणारे अणुऊर्जा केंद्र आणि मुंबईला जोडणारी रेल्वे यांमुळे उत्तर प्रदेश-बिहारपासून खानदेशापर्यंतचे लोक रोजीसाठी येथे येतात आणि दोन खोल्या भाड्याने घेऊन संसार मांडतात. घरमालक तरी कोठे धनाढ्य असतो? पालघर, चिंचणी किंवा तारापूर येथील एखाद्या वृद्धाने आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेल्या खोल्या, आणि त्यांच्या भाड्यावर चालणारा त्याचा औषधपाण्याचा खर्च, असेच चित्र पुष्कळदा दिसते.

समजा, अशाच एका घरातून तीन वर्षांनी एक कुटुंब निघते आहे. सामान टेम्पोत चढले आहे. किल्ली घ्यायला आलेल्या मालकाची नजर स्वयंपाकघरातील भिंतीवर जाते. खिडकीच्या कोपऱ्यापासून ओट्यापर्यंत तिरकस तडा गेला आहे आणि खालच्या दोन-तीन टाइल्स उचकटल्या आहेत. मालक म्हणतो, “घर दिले तेव्हा हे नव्हते.” भाडेकरू म्हणतो, “आम्ही साधा खिळासुद्धा ठोकला नाही.” दोघेही खरे बोलत आहेत. पंचवीस हजार रुपयांचे डिपॉझिट मालकाकडे आहे. दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा?

या भागात तड्याची कारणे शोधू गेल्यास ती एकाहून अधिक सापडतात. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ पेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला आणि धुंदलवाडी परिसरातील लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. औद्योगिक वसाहतीत मार्च २०१८ आणि जानेवारी २०२० मध्ये रसायन कारखान्यांत स्फोट झाले. त्यांचे हादरे दूरवर जाणवले. खाऱ्या वाऱ्याने काँक्रीटमधील लोखंड गंजते, फुगते आणि भिंत फोडते. चार महिन्यांच्या पावसात पाया खचू शकतो. आणि हेही शक्य आहे, की ओट्यावर रोज मसाला कुटल्याने टाइल्स सुटल्या असतील. यांपैकी नेमके काय घडले, हे भिंत सांगत नाही.

येथे आपल्या भाषेतील एक शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. डिपॉझिटला मराठीत आपण ‘अनामत’ म्हणतो. हा शब्द अरबीतील ‘अमानत’ या शब्दाचेच रूप आहे. म्हणजे या व्यवहारात अमानती दोन आहेत. मालकाचे घर भाडेकरूच्या हाती अमानत आहे, आणि भाडेकरूची रक्कम मालकाच्या हाती. ती रक्कम वापरण्याची परवानगी असेल तर अनेक उलेमा तिला कर्ज मानतात. तरीही ती भाडेकरूचीच राहते आणि परत करावीच लागते. अमानती त्यांच्या हकदारांना पोहोचवा, ही सूरह निसामधील आज्ञा (४:५८) एकाच वेळी दोघांना उद्देशून आहे.

घराविषयी फिकहचा निर्णय स्पष्ट आहे. भाड्याने घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती अमानत असते. त्याने मर्यादा ओलांडली किंवा निष्काळजीपणा केला, तरच भरपाई त्याच्यावर येते. उस्मानी साम्राज्यात १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या ‘मजल्ला’ या हनफी कायदासंग्रहातील कलम ६०० हेच सांगते. उसनी आणलेली वस्तू बिघडल्यास काय, याबाबत हनफी आणि शाफई इमामांत मतभेद आहे. परंतु भाड्याची वस्तू अमानत आहे, याबाबत तो नाही. कोकणी शाफई मालक आणि उत्तरेकडून आलेला हनफी भाडेकरू या आपल्या भागातील नेहमीच्या जोडीने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. मसलक वेगळा असला तरी या प्रश्नाचे उत्तर वेगळे नाही.

पुरावा देण्याचे ओझे दावा करणाऱ्यावर आणि नाकारणाऱ्यावर शपथ, हे तत्त्व नबी करीम (स.) यांच्या शिकवणुकीतून आले आहे. लोकांना केवळ त्यांच्या दाव्यावरून देत गेलो, तर माणसे इतरांच्या प्राणांवर आणि मालमत्तेवरही दावा सांगू लागतील, असा इशारा हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. शंकेने निश्चित गोष्ट नाहीशी होत नाही, हा फिकहचा पायाभूत नियमही येथेच लागू होतो. भाडेकरू निर्दोष होता, हे निश्चित. त्याने भिंत फोडली, ही शंका. म्हणून कारण न सापडलेल्या तड्याचा खर्च मालकाचा.

मालक म्हणेल, “घराचे दार आतून बंद असते. आत काय घडले, याचा पुरावा मी कोठून आणू?” हा आक्षेप क्षुल्लक नाही. रंगारी आणि तत्सम कारागिरांच्या हाती दिलेल्या मालाबाबत हजरत अली (रजि.) यांनी त्यांना जबाबदार धरल्याची नोंद फिकहच्या ग्रंथांत आहे. लोकांचे व्यवहार अन्यथा नीट राहणार नाहीत, हे त्यामागचे कारण होते. मग भाडेकरूला तोच न्याय का नको?

फरक असा, की कारागीर अनेकांचा माल घेतो आणि कामाची मजुरी कमावतो. भाडेकरू मात्र घर वापरण्याचे मोल दरमहा मोजत असतो. ते मोल मालकाला मिळते, कारण घर त्याचे आहे. ज्याच्यावर जोखीम, त्यालाच लाभ, असा आशय असलेली हदीस हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आली आहे. भाडे मालकाने घ्यावे आणि जमीन हलल्याची जोखीम मात्र भाडेकरूवर टाकावी, ही वाटणी न्यायाची नव्हे. ‘कोणत्याही कारणाने झालेले सर्व नुकसान भाडेकरू भरेल’ अशी अट करारात घातली, तरी बहुसंख्य फकीह ती मान्य करीत नाहीत. देशाचा कायदाही फार दूर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ घर पूर्वस्थितीत परत करण्यास सांगताना नेहमीची झीज आणि अनिवार शक्तीने झालेला बदल वगळते. तेव्हा पुराव्याशिवाय अनामतीतून पैसे कापणाऱ्या मालकाने सूरह बकरामधील ताकीद (२:१८८) आठवावी; एकमेकांची मालमत्ता अन्यायाने खाण्यास तेथे मनाई आहे.

इथपर्यंत वाचून भाडेकरू निश्चिंत होईल. त्याने होऊ नये. वरील निर्णय कारण अज्ञात असल्यावर उभा आहे. ज्याला कारण ठाऊक आहे, त्याच्यासाठी ते अज्ञात नाही. कोणाच्या हातून गॅसची टाकी भिंतीवर आदळली, कोणत्या पावसाळ्यात ओल दिसली आणि ‘आपले घर थोडेच आहे’ म्हणून मालकाला कळवले नाही, हे घरातील माणसे जाणतात. ओल दिसूनही न कळवणे हाही निष्काळजीपणाच. पुराव्याअभावी काझी त्याला मोकळा करील. अल्लाहपुढे तो मोकळा नाही. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसमध्ये नबी (स.) यांनी बजावले आहे, की मी ऐकलेल्या बाजूवरून निवाडा देतो, त्यात एखाद्याला भावाचा हक मिळाला, तर तो आगीचा तुकडा आहे, त्याने तो घेऊ नये.

या हदीसचा पुढचा भाग अबू दाऊदच्या संग्रहात आहे आणि तो आपल्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. दोन माणसे जुन्या वारशाचा तंटा घेऊन आली होती. दोघांकडेही पुरावा नव्हता. होते फक्त दावे. हा इशारा ऐकताच दोघे रडू लागले आणि प्रत्येक जण म्हणू लागला, की माझा हक मी याला दिला. तेव्हा नबी (स.) यांनी त्यांना वाटणी करण्यास, योग्य तेच साधण्याचा प्रयत्न करण्यास, चिठ्ठी टाकण्यास आणि मग एकमेकांना माफ करण्यास सांगितले.

आपल्या कथेतील भाडेकरूवर काही देणे लागत नाही. पण मालक वृद्ध आहे, तीन वर्षे सलोख्याने गेली आहेत, हे पाहून त्याने राजीखुशीने गवंड्याच्या मजुरीत वाटा उचलला, तर ती सुलह आहे आणि तिचा मोबदला अल्लाहकडे आहे. मालकाने मात्र तो वाटा हक म्हणून मागू नये, आणि अनामत अडवून धरून मिळवलेल्या होकाराला राजीखुशी म्हणू नये.

असा प्रसंग टाळण्याचा मार्गही कुरआनने दाखवला आहे. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार करा, असे सूरह बकरा (२:२८२) सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम ५५ लेखी आणि नोंदणीकृत भाडेकरार आवश्यक ठरवते आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकते. त्याबरोबर किल्ली देताना दोघांनी मिळून प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढावे, आधीचे तडे कागदावर लिहावेत. धक्का बसला, हादरा आला, ओल दिसली, की त्याच दिवशी मालकाला कळवावे. मोबाइलवरील एक संदेश पुढे साक्षीदाराचे काम करतो.

घर सोडताना भिंतीकडे एकदा दोघांनी मिळून पाहावे आणि प्रत्येकाने स्वतःला विचारावे, की मला जे ठाऊक आहे ते मी सांगितले का, आणि जे ठाऊक नाही त्याचे पैसे तर मी घेत नाही ना? अल्लाह आपल्याला दोन्ही अमानती सुखरूप परत करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.