साक्षी आहोत, तर साक्षही द्यावी



मागच्या महिन्यात आपल्या परिवारातल्या एका ताईंनी एक प्रश्न पाठवला होता. त्यांना उत्तर तेव्हाच कळवलं, पण प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे म्हणून त्यांच्या परवानगीने आजच्या चिंतनाला घेतला आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, सण आणि काही तपशील बदलले आहेत. तेव्हा कृपा करून "हे कोण बरं?" असा शोध कुणी घेऊ नये.

ताईंनी लिहिलं होतं: "उत्सवाच्या दिवशी महाप्रसाद झाल्यावर मी बाहेर चपलांच्या सेवेला होते. गल्लीत गाड्यांची दाटी होती. आपल्यातलेच एक ज्येष्ठ काका त्यांची मोठी गाडी रिव्हर्स घेत होते. मागे एक टॅक्सी उभी होती, आपल्या मंडळींपैकी कुणाची नव्हती. धाडकन आवाज झाला. टॅक्सीचा पुढचा दिवा फुटला, बोनेट चेपलं. काका क्षणभर थांबले आणि निघून गेले. आम्ही चौघीजणींनी पाहिलं. बाकीच्या म्हणाल्या, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय! थोड्या वेळाने टॅक्सीवाला आला. प्रत्येकाला विचारत होता, कुणी पाहिलं का? मी मान खाली घालून चपला लावत राहिले. आता नामाला बसलं की त्याचाच चेहरा समोर येतो. पण काकांचे आमच्यावर फार उपकार आहेत हो. आणि आपल्याला तर साक्षीभावाने राहायला शिकवलं आहे ना? मग मी काय करायला हवं होतं?"

प्रश्न किती खरा आहे पाहा. गाडी लहान, नुकसानही म्हटलं तर लहान. पण त्या चार ओळींत भीती, भीड, उपकार आणि अध्यात्म सगळं एकत्र येऊन बसलं आहे. म्हणून एकेक गाठ सोडवू या.

पहिली गाठ साक्षीभावाची. सद्गुरू आपल्याला साक्षी व्हायला सांगतात ते कशाचं? आपल्या मनात उठणाऱ्या रागाचं, लोभाचं, सुखदुःखाचं. राग आला, पाहा. कुणी अपमान केला, मनात काय काय उसळतं ते पाहा, त्याच्यामागे धावू नका. हा झाला साक्षीभाव. तो आपल्या आत वापरायचा आहे. दुसऱ्याचं नुकसान होत असताना हात बांधून उभं राहायचं आणि त्याला साक्षीभाव म्हणायचं, ही मनाने केलेली पळवाट झाली. गंमत बघा, आपली स्वतःची गाडी कुणी ठोकली तर हा साक्षीभाव कुठे जातो? तेव्हा आपण सगळी गल्ली डोक्यावर घेतो. म्हणजे स्वतःच्या बाबतीत जो टिकत नाही तो दुसऱ्याच्या बाबतीत मात्र पक्का टिकतो! साक्षी या शब्दातच साक्ष आहे. विचारल्यावर जो साक्ष देत नाही, त्याला साक्षी कसं म्हणायचं?

दुसरी गाठ "ज्याचं त्याचं कर्म" ही. टॅक्सीवाल्याचं प्रारब्ध असेल, काकांना देव बघून घेईल, असं आपण सहज बोलून जातो. प्रारब्ध हा शब्द आपलं दुःख सोसताना धीर देण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर टाकायचं ते पांघरूण नव्हे. आणि देव बघून घेईल म्हणजे कुणाच्या डोळ्यांनी बघेल? त्या वेळी त्या जागी तुम्हालाच उभं केलं होतं ना! त्याने त्याचं काम केलं, पुढचं आपलं.

महाभारताच्या सभापर्वात याच विषयावर एक कथा आहे. द्यूताच्या सभेत द्रौपदीने प्रश्न विचारला तेव्हा मोठमोठे लोक बसले होते, पण सरळ उत्तर मिळेना. दुर्योधनाचाच भाऊ विकर्ण तेवढा उठून बोलला. तेव्हा विदुरांनी सभेला प्रल्हादाची गोष्ट सांगितली. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि अंगिरस ऋषींचा मुलगा सुधन्वा यांच्यात श्रेष्ठ कोण असा वाद झाला. दोघांनी प्राण पणाला लावले आणि निवाड्यासाठी आले प्रल्हादाकडेच. एका बाजूला पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूला सत्य. प्रल्हाद घाबरले आणि कश्यप ऋषींना विचारायला गेले, की माहीत असून जो बोलत नाही त्याचं काय होतं? कश्यपांनी सांगितलं, की लोभाने, रागाने किंवा भीतीने जो माहीत असून गप्प बसतो तो स्वतःवर वरुणाचे हजार पाश ओढवून घेतो, आणि एक वर्ष सरलं की त्यातला एकच पाश सुटतो. पुढे ते म्हणाले, सभेत अधर्म घडला आणि त्याला कुणी वाईट म्हटलं नाही तर त्या पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाला, एक चतुर्थांश करणाऱ्याला आणि एक चतुर्थांश गप्प बसणाऱ्या सभासदांना जातो.

हा हिशेब नीट वाचा बरं का. करणाऱ्याचा आणि पाहून गप्प बसणाऱ्यांचा वाटा सारखाच! आणि प्रमुखाचा त्यांच्या दुप्पट. म्हणजे आपल्या उत्सवात, आपल्या मंडपासमोर असं घडलं, तर आम्हा कार्यकर्त्यांचा वाटा सर्वांत मोठा. प्रल्हादांनी मुलाच्या तोंडावर सांगितलं, सुधन्वा श्रेष्ठ. आणि मग काय झालं? पुत्रप्रेमापुढेही धर्म सोडला नाही म्हणून सुधन्वा प्रसन्न झाला आणि त्याने विरोचनाला जीवदान दिलं. मुलाला बापाच्या खोट्याने नाही, खऱ्याने वाचवलं.

इंदूरच्या मंडळींना राजवाड्याजवळचा आडा बाजार ठाऊक आहे. बडोदे, ग्वाल्हेर, बेळगावच्या वाचकांसाठी त्याची आख्यायिका सांगते. मालेराव होळकरांच्या रथाखाली एक वासरू सापडलं आणि रथ न थांबता निघून गेला. गाय तिथेच बसून राहिली. अहिल्याबाई त्या वाटेने आल्या आणि विचारू लागल्या, हे कुणी केलं? राजपुत्राचं नाव घ्यायचं कुणी? सगळे चूप. शेवटी एकाने धीर करून सांगितलं. मातोश्रींनी मुलाला तशीच शिक्षा फर्मावली, तेव्हा तीच गाय रथाला आडवी येऊन उभी राहिली, पुन्हा पुन्हा. म्हणून तो आडा बाजार. ही आख्यायिका आहे. इतिहासात मालेराव 1767 साली आजाराने वारले. पण लोकांनी ती इतकी वर्षं का सांभाळली? आपण सगळे अहिल्याबाईंचा न्याय आठवतो, गाईची क्षमा आठवतो. त्या गर्दीत बोललेला तो एक माणूस मात्र कुणाला आठवत नाही. तो बोलला नसता तर न्याय कुठला आणि क्षमा तरी कुठली? क्षमा करायचा हक्क गाईचा होता, बघ्यांचा नव्हता. आपणही टॅक्सीवाल्याच्या वतीने काकांना परस्पर क्षमा करून मोकळे होतो. ती आपली नसतेच मुळी.

आता "एवढंसं तर नुकसान" याबद्दल. गाडीच्या विम्यात वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते, त्याला नो क्लेम बोनस म्हणतात. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ती पहिल्या वर्षानंतर 20 टक्के असते आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत जाते. ठोकणारा सापडला नाही तर मालकाला आपल्याच विम्यातून भरपाई घ्यावी लागते आणि ही सूट जाते. म्हणून पुष्कळ जण क्लेमच करत नाहीत, खिशातून भरतात. टॅक्सीवाल्याची गाडी गॅरेजमध्ये राहील तेवढ्या दिवसांची कमाई बुडते ती निराळीच. आणि कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 134 प्रमाणे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं आणि तिथे पोलीस नसेल, तर चालकाने लवकरात लवकर, फार तर 24 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं असतं.

मग पाहणाऱ्याने करायचं काय? क्रमाने सांगते.

1. आधी नंबर, वेळ आणि जागा लिहून ठेवा. मोबाईलमध्ये नुकसानीचा एक फोटो काढा. मनावर विसंबू नका, तासाभरात आकडे बदलतात.

2. गाडीवाला अजून तिथेच असेल तर काचेवर टकटक करून शांतपणे सांगा, "दादा, मागची गाडी लागली वाटतं, जरा बघता का?" पुष्कळदा खरोखर कळलेलं नसतं. आत भजन मोठ्याने चालू असतं, वयामुळे ऐकू कमी येतं. चोर ठरवायच्या आधी माणसाला सज्जन ठरण्याची एक संधी द्यावी.

3. तो निघून गेला आणि ओळखीचा असेल, तर आधी त्यालाच फोन करा. सांगा की मी पाहिलं आहे, तुम्ही स्वतः जाऊन भेटलात तर फार बरं, मालकाने मला विचारलं तर मी खरं सांगणार आहे. यात धमकी नाही. उलट, पाठीमागे न बोलता तोंडावर बोलणं हाच त्याचा मान आहे. पण या फोनपायी मालकाला दिवसच्या दिवस ताटकळत ठेवू नका.

4. अनोळखी असेल तर मालकाची वाट पाहा. थांबणं शक्य नसेल तर वायपरखाली चिठ्ठी ठेवा किंवा चौकीदाराला सांगा. मुलींनी, बायकांनी स्वतःचा नंबर द्यायचा नसेल तर घरच्या कुणाचा द्यावा. जवळच्या दुकानात कॅमेरा असेल तर मालकाला तेही सांगा, कारण काही दिवसांनी जुनं चित्रण पुसलं जातं.

5. कुणी मुद्दाम काचा फोडत असेल, दारू प्यायलेला असेल, हातात काही असेल, तर पुढे जाऊ नका. लांब राहून 112 वर फोन करा. धैर्य म्हणजे अविचार नव्हे.

6. जेवढं पाहिलं तेवढंच सांगा. गाडी पाहिली, चालवणारा नाही पाहिला, तर तसंच म्हणा. "तेच असणार, त्यांची सवयच आहे" हे साक्षीत येत नाही.

7. आणि हे सर्वांत महत्त्वाचं. फोटो, व्हिडिओ, नंबर प्लेट आपल्या ग्रुपवर टाकू नका. ज्याचं नुकसान झालं त्याला सांगणं म्हणजे साक्ष. ज्यांचं काही गेलं नाही त्या दोनशे जणांना सांगणं म्हणजे निंदा. गीतेच्या 17 व्या अध्यायात भगवंतांनी वाणीचं तप सांगितलं आहे: बोलणं खरं असावं, हिताचं असावं, ऐकायला गोड असावं आणि कुणाचं मन दुखवणारं नसावं. खरं आहे म्हणून कसंही आणि कुठेही बोलावं, असं तिथे म्हटलेलं नाही.

ताईंना उत्सवाचा दिवस तर परत आणता येणार नव्हता, पण टॅक्सीवाला त्याच भागातला होता. त्यांनी आधी काकांना फोन केला. काका चिडले. "माझ्या मागे फिरतेस का?" म्हणाले आणि फोन ठेवला. ताई रात्रभर रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी टॅक्सीवाल्याला गाठून पाहिलं तेवढं सांगितलं. दोन दिवसांनी काकांनी मुलाला पाठवून दिव्याचे आणि बोनेटचे पैसे दिले. सगळं गोड झालं असं मात्र मी लिहिणार नाही. काका अजून ताईंशी पूर्वीसारखं बोलत नाहीत. खरं बोलण्याची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते, आणि ती ज्याची त्यालाच मोजावी लागते. उपकार फेडायचे ते सेवेने फेडावेत, काका आजारी पडले तर रात्री जागून फेडावेत. दुसऱ्याच्या फुटलेल्या दिव्याने ते फिटत नाहीत. ताई मात्र एवढंच म्हणाल्या, आता नामाला बसता येतं.

शेवटी घरच्यांसाठी एक गोष्ट. गाडी मागे घेताना हलकासा धक्का बसतो. मागच्या सीटवरून मूल विचारतं, "बाबा, लागली ना?" आणि आपण म्हणतो, "गप्प बस, काही नाही झालं." त्या मुलाने पाहिलेलं असतं, ऐकलेलं असतं. आपल्या एका वाक्याने ते शिकतं की डोळ्यांनी पाहिलेलं तोंडाने बोलायचं नसतं. उद्या त्याच्यावर कुणी अन्याय केला, शाळेत कुणी त्रास दिला, तर ते मूल आपल्यापाशी येऊन तरी तोंड उघडेल का? त्याऐवजी गाडी थांबवा, त्याला घेऊन खाली उतरा, मालकाला शोधा, हात जोडा आणि पैसे विचारा. त्या दिवशीचा तो सगळ्यांत मोठा संस्कार होईल.

या आठवड्याचा आपला संकल्प एवढाच: पाहिलेलं गिळणार नाही, आणि न पाहिलेलं बोलणार नाही. रात्री आरती झाली की घरात सगळ्यांनी मिळून हे एकदा म्हणा. आणि पुढच्या उत्सवापासून प्रत्येक केंद्रावर दोन सेवेकरी फक्त गाड्या लावण्या-काढण्याच्या सेवेला असावेत, ही केंद्रप्रमुखांना विनंती. अर्धा वाटा आपला आहे, हे लक्षात असू द्यावं.

चिंतन श्रीसद्गुरुचरणी समर्पित.

🙏 जय सद्गुरू! 🙏