पांढरं पीस

अंतिम सामन्याला गोलकीपर आलाच नाही, आणि बंगळुरूतल्या हलसूरच्या पोरांचा संघ चार गोल खाऊन घरी आला. तेरा वर्षांच्या नातवाने पायातले बूटही न काढता फोन उचलला आणि संघाच्या ग्रुपवर टाकलं: ‘फट्टू निघाला.’ पुढे बांगड्यांचं चित्र. फिल्टर कॉफी वर-खाली ओतत बसलेल्या आजोबांनी ते चष्म्यावरून पाहिलं. सगळी नोकरी एचएएलच्या शॉपफ्लोअरवर गेलेला माणूस. आवाज चढवायची सवय नाही.

“त्याच्या घरी जाऊन आलास?”

“कशाला? समोरची टीम ऐकूनच टरकला तो.”

“असं तो म्हणाला?”

“सगळेच म्हणतायत.”

“बूट काढ आणि बस. बांगड्यांचीच गोष्ट सांगतो. फक्त तिकडे तेव्हा बांगड्या पाठवत नसत, पांढरं पीस देत.”

एडिंबरा शहरातला हार्ट ऑफ मिडलोथियन हा क्लब. लोक नुसतं हार्ट्स म्हणतात. 1914च्या ऑगस्टमध्ये मोसमाच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी गतविजेत्या सेल्टिकला 2-0 हरवलं आणि ओळीने आठ सामने खिशात घातले. पण त्याच महिन्यात महायुद्ध पेटलं होतं. बाकीची पोरं खंदकात मरतायत आणि हे धडधाकट गडी पगार घेऊन चेंडू लाथाडतायत, अशी कुजबुज सुरू झाली. नोव्हेंबरात तिथल्या सांजदैनिकात एक पत्र छापून आलं. हार्ट्सने काही दिवसांपुरतं ‘मिडलोथियनची पांढरी पिसं’ असं नाव घ्यावं, असं त्यात सुचवलं होतं.

“भारी मारलाय,” नातू हसला.

“मारलाय खरा. पण ते छापून आलं तेव्हा त्यांचे दोन खेळाडू, सिंक्लेअर आणि मोरलंड, राखीव दलातून बोलावणं येऊन ऑगस्टमध्येच फौजेत गेले होते. लिहिणारीने चौकशी केली नव्हती.”

नातू गप्प झाला. मग 25 नोव्हेंबरला एकाच दिवशी हार्ट्सच्या अकरा जणांनी सर जॉर्ज मॅक्रे यांच्या पलटणीसाठी सह्या केल्या. पत्र आलं म्हणून गेले की जायचं आधीच मनात होतं, हे त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्या मते, तसं टोचून कुणाला रणात पाठवण्याचा हक्क घरी बसलेल्याला नसतो. असो. आठवडाभर कवायत आणि शनिवारी सामना, असं त्यांनी ते वर्ष काढलं. शेवटी शेवटी पाय उचलेनात. सेल्टिक 65 गुण, हार्ट्स 61. करंडक गेला.

1 जुलै 1916ला सोमच्या लढाईत ही पलटण शिट्टी वाजल्यावर खंदकातून वर आली. समोर काटेरी तार.

इथे आजोबांची गाडी रूळ सोडून गेली. काटेरी तारेचं नाव निघालं की ती जातेच. “तार फोडायची नळी कुठली, माहितीये? इथली. आपल्या तलावाशेजारी एमईजी आहे ना, तेव्हाचे मद्रास सॅपर्स. 1912 साली तिथल्या कॅप्टन मॅक्लिंटॉकने ती बनवली. पाच-पाच फुटांचे पाइप, आत स्फोटकं. एकाला एक जोडत न्यायचे, लांबूनच तारेखाली सरकवायचे आणि उडवायचे. अख्ख्या जगात तिला ‘बँगलोर टॉर्पेडो’ म्हणतात. एवढं साधं डिझाइन! पुढे दुसऱ्या महायुद्धातही तीच होती.”

“आजोबा, खेळाडूंचं काय झालं?”

“हां. नळीने तार तुटते रे, मशीनगनपुढे तिचा काय इलाज? त्या एका सकाळी हार्ट्सचे तिघे गेले. डंकन करी, अर्नेस्ट एलिस आणि हॅरी वॉटी. युद्ध संपेपर्यंत पहिल्या संघातले सात जण मेले होते.”

कॉफीवर साय धरली होती. आजोबांनी ती बोटाने बाजूला केली.

“आणि ते पत्र लिहिणारी?” नातवाने विचारलं. “तिला नंतर कुणी काही बोललं?”

“कुणाला बोलणार? खाली नाव कुठे होतं? ‘एका सैनिकाची मुलगी’, एवढंच. वॉटीचं नाव मात्र फ्रान्समध्ये थीपव्हालच्या स्मारकावर कोरलेलं आहे. ज्यांची प्रेतं सापडली नाहीत त्यांचं स्मारक ते. बहात्तर हजारांवर नावं आहेत त्यावर.”

नातवाने फोन सुलटा केला. त्याच्या संदेशाला एव्हाना नऊ अंगठे पडले होते. गोलकीपरनेही तो वाचला होता. खाली त्याने काहीच लिहिलं नव्हतं.