विक्रयाचे फूल

लातूरची गंजगोलाई ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे सांगावयास नको की, निजामी अमलात १९१७ साली उभ्या राहिलेल्या त्या वर्तुळाकार दुमजली इमारतीच्या ऐन मध्यावर देवीचे देऊळ आहे, आणि गोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर गुळापासून सोन्यापर्यंत यच्चयावत् जिनसांची पेठ भरते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी याच पेठेत झेंडूचे ढीग पडतात, भावाची घासाघीस होते, आणि तागडीतून उतरलेले तेच फूल दुसऱ्या दिवशी देवीच्या चरणी पोचते. ज्या वस्तूचा भाव ठरला, पैसे मोजून जिचा ताबा बदलला, ती अर्पणास पात्र उरते काय, ही शंका या ठिकाणी ज्याच्या मनात कधीच आली नाही, त्याची श्रद्धा फार दृढ असावी किंवा फार सवयीची.

गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी यांचा स्वीकार सांगताना भक्तीखेरीज दुसरी अट घातलेली नाही. फूल कोठून आणले, याची चौकशी तेथे नाही. धर्मशास्त्राचे निबंधकार मात्र इतके उदार नव्हते. हुंगलेले फूल, भुईवर पडलेले फूल, शिळे फूल ही सारी त्यांनी वर्ज्य ठरविली. परंतु त्याच परंपरेत असाही निर्णय आढळतो की, माळ्याच्या घरी ठेवलेल्या फुलास शिळेपणाचा दोष लागत नाही. जुन्या दप्तरांतून एखाद्या इनामी जमिनीस सारामाफी नोंदलेली असावी तशी ही माफी आहे, आणि ती दिली कोणास, तर विकणाऱ्यास! शास्त्रकारांना बाजाराचे व्यवहार कळत होते, एवढेच म्हणून मी थांबलो असतो. पण मला त्यात याहून खोल विचार दिसतो. फुलाचे आयुष्य धर्माच्या हिशेबात अर्पणाच्या संकल्पापासून सुरू होते, तोवर ते कोणाच्या हाती व किती दामाने फिरले याची दखल धर्म घेत नाही, असे त्यांस म्हणावयाचे असावे. आपला झेंडू तर मुळात मेक्सिकोचा. समुद्रापलीकडून आलेल्या या फुलास प्राचीन ग्रंथांत आधार मिळणे शक्य नव्हते, तरी आज त्याच्यावाचून दसऱ्याचे तोरण होत नाही.

खरी अडचण उभी राहते ती चित्रातल्या फुलापाशी. फुलांची चित्रे रंगविणारे चित्रकार कृष्णाजी हौलाजी आरा हे १९१४ साली सिकंदराबादेजवळच्या बोलारम येथे, म्हणजे लातूर-नांदेड ज्या निजामी मुलखात होते त्याच मुलखात, जन्मले. बालपणीच मुंबईस येऊन त्यांनी घरगडी म्हणून राबावे, मोटारी धुवाव्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगावा, आणि १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे व बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांत त्यांची गणना व्हावी, हा क्रम विलक्षण खरा. व्हिएन्ना सोडून मुंबईस आलेले चित्रकार लांगहॅमर यांच्यामार्फत या तरुणांस युरोपातील अभिव्यक्तिवादाचा परिचय झाला होता. आरांची फुले वनस्पतिशास्त्राची नव्हेत. जलरंग तैलरंगासारखे जाड थापून त्यांनी फुलदाणीतून जे उसळविले, ते फुलाकडे पाहणाऱ्या अंतःकरणाचे आवेग होते. आणि ती विक्रीसाठीच होती. त्यांवरच चित्रकाराचे पोट होते.

हे फूल कोमेजत नाही. झाडावरचे फूल वाहिले की सायंकाळी त्याचे निर्माल्य होते आणि नांदेडच्या घाटावर ते गोदावरीच्या हवाली केले जाते. एकदा वाहिलेले पुन्हा वाहता येत नाही, यातच अर्पणाचा सारा अर्थ साठलेला. उलट चित्रातले फूल आज एकाने घ्यावे, उद्या दुसऱ्यास दुप्पट दामाने द्यावे, आणि परवा तेच पुन्हा ताजे! जे कधीच संपत नाही, ते दिले असे कसे म्हणावे?

याचे उत्तर मला लातूर-उदगीरकडील वीरशैव आचारात अधिक समाधानकारक मिळते. शिवनिर्माल्य स्वीकारू नये हा स्मार्तांचा दंडक. वीरशैवांनी मात्र अंगावर धारण केलेल्या इष्टलिंगास अर्पिलेले प्रसाद म्हणून परत घेण्यास अष्टावरणांत, म्हणजे भक्ताच्या आठ रक्षक साधनांत, स्थान दिले, आणि कायक म्हणजे श्रमाची कमाई ही दासोहात, सर्वांसाठी देण्यात, पूर्ण होते असे मानले. या दृष्टीने पाहता चित्रकाराने वाहिले ते फूल नव्हेच. वाहिला तो पाहण्याचा क्षण, जो रंग वाळण्यापूर्वीच खर्ची पडला, आणि कागदावर उरला तो त्याचा प्रसाद. कायकाचे मोल घेण्यात पाप नाही. दुसरे उत्तर शीख परंपरेत आहे. नांदेडच्या सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारात दिव्यांनी आरती होते. पण गुरू नानकांच्या ‘आरती’ या पदात तर आकाशच तबक आणि अवघी वनराजीच फुले झालेली असल्यामुळे तोडण्याचा, मग विकण्याचा, प्रश्नच मिटतो. ही भूमिका उदात्त खरी, तथापि ज्याला फुले विकून संसार चालवावयाचा आहे त्यास ती पुरेशी नाही, असे मला नम्रपणे वाटते.

माझा आक्षेप विक्रीस नसून, भाव चढेल म्हणून चित्र कुलुपात ठेवणाऱ्या धन्यास आहे. कारण वाटला न जाणारा प्रसाद मी प्रसाद मानीत नाही. आरांनी स्वतः याच्या उलट वर्तन केले. मुंबईच्या आर्टिस्ट्स सेंटरच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, आणि नवख्या चित्रकारांस आपली चित्रे मांडण्यास व विकण्यास तेथे जागा मिळाली. १९८५ साली ते वारले, त्यानंतर त्यांच्या फुलांचे भाव चढत गेले.