पाहुण्याला दाखवायचे गाव

पाहुणे येणार असे कळले की घरातली पहिली धावपळ ओसरीवर होते. फाटकी चटई आत जाते, ठेवणीतले कप बाहेर येतात, आणि भिंतीचा पोपडा उडालेला असेल तर त्यावर नेमके एक कॅलेंडर टांगले जाते. यात कोणी खोटेपणा पाहत नाही; पाहूही नये. आलेल्या माणसाला बरे वाटावे, एवढाच त्यातला हेतू. परंतु गेल्या मार्गशीर्षात मला घर नव्हे, गाव दाखवायचे होते, आणि गाव काही असे आवरता येत नाही. तेव्हा मी जे केले ते योग्य की अयोग्य, हा प्रश्न वर्षभर माझ्या मनात घोळत आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवतो.

माझ्या पुतणीचे लग्न पुण्याकडे ठरले. तिच्या सासरची मंडळी, म्हणजे आमचे व्याही, विहीणबाई आणि त्यांची नऊ वर्षांची नात, एक दिवस अमरावती पाहायला म्हणून आली. भावाने मला सांगितले, "तू मास्तर आहेस. तूच त्यांना फिरव." माझा एक जुना विद्यार्थी ऑटो चालवतो. त्याला दिवसभरासाठी ठरवले आणि सकाळी आठ वाजता आम्ही निघालो.

आरंभ अंबादेवीपासून केला. रुक्मिणी कौंडिण्यपुराहून देवीच्या दर्शनाला आली आणि श्रीकृष्णाने तिला येथूनच रथात घेतले, ही कथा मी सांगितली. लग्नघरच्या मंडळींना ती फार आवडली. विहीणबाई हसून म्हणाल्या, "म्हणजे वऱ्हाडच्या मुली पळवून नेण्याची रीत जुनीच म्हणायची!" सगळे हसले, मीही हसलो. पण याच देवळाच्या दारी १९२७ साली सत्याग्रह झाला होता. अस्पृश्य म्हणून ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले होते, त्यांच्या प्रवेशासाठी पंजाबराव देशमुख पुढे झाले होते, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली या शहरात परिषद भरली होती. हे मी सांगितले नाही. चांगला विषय चालला होता, म्हटले, कशाला?

तेथून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ पाहिले. १९१४ साली निघालेल्या या संस्थेचे खेळाडू १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आले, हे सांगताना माझी छाती थोडी फुगली. मग जवाहर गेट आणि परकोट. पेंढाऱ्यांपासून इथल्या सधन व्यापाऱ्यांना संरक्षण मिळावे म्हणून निजामाच्या राजवटीत, १८०७ साली या तटाचे काम सुरू झाले. सुमारे सव्वादोन मैलांचा घेर, मोठ्या वेशी पाच आणि लहान दरवाजे चार. या लहान दरवाजांना आपल्याकडे खिडकी म्हणतात. त्यांतल्या एकीचे नाव ऐकून नात थांबली.

"काका, खुनारी म्हणजे काय हो?"

तिच्या हातात संत्र्याची फोड होती. व्याही माझ्याकडे कौतुकाने पाहत होते. मास्तरांना सगळे ठाऊक असते! आणि मला ठाऊक होतेही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खिडकीजवळ मोठी दंगल झाली, तीत ७०० माणसे मारली गेली, आणि त्या रक्तपातावरून हे नाव पडले, अशी जुन्या गॅझेटिअरात नोंद आहे. मी ती वर्गात अनेकदा सांगितली आहे. पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघाले, "अग, खूण! जुन्या काळी वाटसरूला वाट सापडावी म्हणून इथे खूण केलेली असे. खुणारीचे झाले खुनारी."

मुलीचे समाधान झाले. ऑटोवाल्याने एकदा मागे वळून पाहिले आणि गाडी सुरू केली.

त्यानंतरचा दिवस वरवर पाहता चांगलाच गेला. दुपारी एका गाड्यावर गिला वडा खाल्ला. चटणीत निथळणारा तो मऊ वडा आणि वर दही, हे काही पुण्याच्या मंडळींना ठाऊक नव्हते. संध्याकाळी घरी गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी. मी पत्नीला आधीच बजावले होते, "तिखट बेताचे घाल. त्यांना सोसायचे नाही." जेवताना व्याही म्हणाले, "वऱ्हाडचे जेवण फार तिखट असते असे ऐकले होते. तसे काही वाटले नाही." ते भले मनाने बोलले. पण माझ्या पत्नीने खाली मान घातली, आणि मला ती खिडकी आठवली.

रात्री ऑटोवाल्याचे पैसे द्यायला मी फाटकापर्यंत गेलो. पैसे खिशात घालून तो घुटमळला. मग अतिशय अदबीने म्हणाला, "सर, आमाले तं तुम्ही वर्गात दुसरंच सांगतलं होतं."

मला उत्तर सुचले नाही.

मोरोक्को देशातल्या फेस शहराविषयी मी वाचले आहे. तेही तटबंदीचे, वेशींचे, अरुंद गल्ल्यांचे जुने शहर. तिथे चामडे कमावण्याचे शेकडो वर्षांचे हौद आहेत. वाटाडे प्रवाशांना सभोवारच्या गच्च्यांवर नेतात, आणि वर जाताना प्रत्येकाच्या हाती पुदिन्याची एक डहाळी देतात. ती नाकाशी धरायची, म्हणजे खालचे रंगीबेरंगी हौद दिसतात, पण दुर्गंधी येत नाही. हौदात मांड्यांपर्यंत उतरून राबणाऱ्या माणसाजवळ मात्र पुदिना नसतो. त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या वाटले, आपणही दिवसभर पाहुण्यांच्या नाकाशी पुदिनाच धरला की!

कोणी म्हणेल, यात एवढे काय? घरची लाज चव्हाट्यावर मांडू नये, हे शहाणपण पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. मंगल प्रसंगी रक्तपाताच्या गोष्टी सांगणारा मनुष्य सत्यवादी नव्हे, अरसिक ठरतो. हे मला मान्य आहे. बोलण्याला वेळ असते. परंतु गप्प बसणे आणि खोटे सांगणे यांत अंतर आहे. न सांगितलेली गोष्ट उद्या सांगता येते. खोटी सांगितली, तर आधी ती पुसावी लागते. आणि पुसताना सांगणाऱ्याचा हात थरथरतो. त्या मुलीने शहाणपणाने प्रश्न विचारला होता. तिला "मोठी झालीस की सांगेन" एवढे म्हणायला काय हरकत होती? मी तिला दुःखापासून वाचवले नव्हते. वाचवला होता तो माझा गावाचा अभिमान.

आणि मौन तरी सगळे सारखे असते का? दुःख माझे असेल, तर त्याविषयी न बोलणे हा संयम. पण ज्या उंबरठ्यावर अडवले गेले ते दुसरेच होते, त्या उंबरठ्याची मी फक्त रुक्मिणीची गोष्ट सांगतो, तेव्हा ते मौन कोणाच्या पदरचे? ज्याचे देणे आहे त्याला न विचारता मी ते माफ करून टाकले, असाच त्याचा अर्थ होतो.

त्याच दिवशी दुपारी आम्ही गाडगेबाबांच्या समाधीपुढे हात जोडले होते. १८७६ साली शेंडगावी जन्मलेला हा मनुष्य २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, अमरावतीच्या वाटेवर गेला. आयुष्यभर तो गावोगाव पाहुणा म्हणूनच फिरला. गावात शिरला की आधी खराटा हाती घ्यायचा, आणि रात्री कीर्तन. इतर पाहुण्यांना गावाचा चौक दाखवतात, त्यांना प्रथम उकिरडा दिसे. म्हणून त्यांनी कोणत्या गावाचा तिरस्कार केला का? उलट, जे गाव त्यांनी झाडले ते त्यांचे झाले. आमचे दोष दिसले की पाहुणा दुरावेल, ही आमची भीती किती पोकळ आहे! दुरावतो तो ज्याला केवळ ओसरीवरच बसवून ठेवले तो.

सकाळी बडनेऱ्याला गाडी यायला अर्धा तास होता. मी त्या मुलीला जवळ बसवले आणि म्हणालो, "बाळ, काल मी तुला चुकीचे सांगितले." जेवढे नऊ वर्षांच्या मुलीला पेलेल तेवढे सांगितले. फार वर्षांपूर्वी तिथे माणसांनी माणसांना मारले, आणि लोक ते विसरले नाहीत. ती विचारात पडली. मग म्हणाली, "आणि आता तिथून कोण जाते?"

"सगळेच जातात. भाजीवाल्या, शाळेची मुले, सगळेच."

"मग बरे झाले नाव बदलले नाही ते," ती म्हणाली. का बरे झाले, ते तिने सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. व्याही शेजारी ऐकत होते. त्यांना देवळाची उरलेली गोष्टही सांगितली. ते काही वेळ गप्प राहिले. मग सावकाश त्यांनी आपल्या गावच्या एका पाणवठ्याची हकीकत सांगितली. ती त्यांच्या घरातही कधी बोलली गेली नसावी. गाडी आली तेव्हा आम्ही दोघेही पाहुणे उरलो नव्हतो.

लग्न वैशाखात झाले. या दिवाळीला जावईबापूंचा पहिला दिवाळसण आहे, आणि त्यांच्याबरोबर ती मुलगीही येणार आहे. तिने निरोप धाडला आहे की तिला खुनारी खिडकी पुन्हा पाहायची आहे. ऑटो त्याच विद्यार्थ्याचा सांगून ठेवला आहे. या खेपेला गोष्ट त्यानेच सांगावी, असेही त्याला म्हटले आहे.

काल पत्नीने विचारले, "वांग्याच्या भाजीत तिखट बेताचेच घालायचे ना?"

मी म्हटले, "नको. आपल्या घरी रोज घालतेस तेवढेच घाल. शेजारी दह्याची वाटी मात्र ठेव."