हसू कुणावर?

सवाल सरळ आहे. आपल्या माणसाचं व्यंगचित्र काढलं तर काढणाऱ्याचा हात धरायचा काय?

१८३१ साली पॅरिसात दोमिए नावाच्या तरण्या पोरानं राजा लुई फिलिपचं चित्र काढलं. शिळाछाप, म्हंजे स्वस्तातली छपाई. राजा म्हंजे ढेरपोट्या राक्षस. त्याच्या तोंडापर्यंत फळी लावलेली, गरिबांचा पैसा टोपल्यांनी वर चाललाय. बुडाखालून पदकं-मानपत्रं पडतायत, ती वेचायला मर्जीतली माणसं जमलीत. १८३२ मध्ये या चित्रापायी त्याला सहा महिन्यांची कैद झाली. १८३५ च्या कायद्यानं तर चित्र छापायच्या आधी सरकारची परवानगी सक्तीची केली. लेखाला ही अट नव्हती. उघड आहे, अक्षर न येणाराही चित्र बघून हसतो.

कुंभार पिंपळगावसारख्या गावात यात्रेला तमाशा आला की सोंगाड्या राजाची अशीच टर उडवायचा. सत्यशोधक जलशानं भट-सावकाराची उडवली. ते हसू खालून वर जाणारं.

शंकरचं १९४९ चं चित्र तसं नाही. घटना म्हंजे गोगलगाय, तिच्यावर बाबासाहेब, मागं चाबूक उगारलेले नेहरू. ज्यांच्या पिढ्यांनी पाठीवर चाबूक खाल्ला त्यांना तो आधी दिसणारच. "तुम्हाला विनोद कळत नाही" म्हणणाऱ्यांना मी मोजत नाही. पण दिरंगाईच्या आरोपाला बाबासाहेबांनी स्वतः कसं उत्तर दिलं? २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत हिशेब ठेवला: सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, २,४७३ मांडल्या गेल्या.

२०१२ मध्ये अकरावीच्या पुस्तकातल्या याच चित्रावरून संसदेत गदारोळ झाला. सरकारनं माघार घेतली. १२ मे ला पुणे विद्यापीठात सुहास पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली.

मला हे टोचतं. १९८८ मध्ये 'रिडल्स'मधलं राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढा म्हणून ओरड झाली, कारण तेच, भावना दुखावल्या. तवा आपली माणसं मुंबईच्या रस्त्यावर उतरली, छापलेलं राहू द्या म्हणून. ते राहिलं, सरकारच्या एका टीपेसह. तवा सरकारला जे करू दिलं नाही, तेच २०१२ ला आपण मागितलं.

चित्राला चित्रानं उत्तर द्या म्हणणं सोपं आहे, छापखाने कुणाच्या मालकीचे? तरी वाट निघते. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ मधली बाबासाहेबांवरची शंभरावर व्यंगचित्रं जुन्या वर्तमानपत्रांतून शोधली आणि २०१९ मध्ये पुस्तकात छापली. एकही लपवलं नाही. प्रत्येकाला जाब विचारलाय.