पूज्यत्व कोठून येते?

जगातील बहुतेक धर्मांत काही स्त्रीपुरुष पवित्र मानले जातात. कोणी त्यांस संत म्हणतो, कोणी वली, कोणी अर्हत, कोणी साधू. लोकव्यवहार ह्या सर्व नावांचा एकच अर्थ करतो आणि सर्व सत्पुरुष सारखेच, असे म्हणून मोकळा होतो. हे बोलणे उदारपणाचे वाटते. पण त्यात विचार फार थोडा असतो. अमुक पुरुष चांगला होता काय, ह्याविषयी सहसा वाद नसतो. विचारावयाचे ते असे की, त्याच्या ठायी मानलेले पूज्यत्व कोठून आले, आणि त्याला शरण गेलेल्या जीवाला त्याच्यापासून नेमके काय प्राप्त होऊ शकते? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे धर्मपरत्वे फारच भिन्न आहेत.

महानुभाव शास्त्राची भूमिका आरंभीच ध्यानात घ्यावी. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. देवता नित्यबद्ध, जीव बद्धमुक्त, परमेश्वर नित्यमुक्त. मुक्त झालेला जीव परमेश्वराचा आनंद भोगतो, परंतु परमेश्वर होत नाही. यास्तव कितीही वैराग्यशील, ज्ञानी वा तपस्वी पुरुष असला तरी तो जीवच; दुसऱ्या जीवाची अविद्या छेदण्याचे सामर्थ्य त्याचे नव्हे. एवढा निर्णय हाती घेतला म्हणजे इतर धर्मांचे विचार समजून घेण्यास अडचण पडत नाही, आणि त्यांची निंदा करण्याचेही कारण उरत नाही.

ख्रिस्ती धर्मातील रोमन कॅथलिक परंपरेने पवित्र पुरुष ठरविण्याची जेवढी सविस्तर पद्धती बांधली आहे, तेवढी दुसऱ्या कोणी बांधली असेल असे वाटत नाही. आरंभी लोकच हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी जमत आणि त्यांस संत म्हणत. 993 मध्ये ऑग्सबर्गच्या उलरिख ह्या बिशपास पोपने संतपद दिले. पोपने अशा रीतीने विधिपूर्वक घोषित केलेला तो पहिला संत मानतात. पुढे 1588 मध्ये ह्या कामासाठी रोम येथे स्वतंत्र मंडळ नेमले गेले. चौकशीत साक्षी घेतल्या जातात, लेखन तपासले जाते, आणि त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या प्रार्थनेने घडलेला चमत्कार सिद्ध करावा लागतो. संतपदाच्या विरुद्ध बाजूने आक्षेप काढणारा एक अधिकारीही असे. लोक त्यास सैतानाचा वकील म्हणत. 1983 च्या सुधारणेत त्याचे काम पुष्कळ कमी झाले.

ह्या परंपरेचा महाराष्ट्राशी साक्षात संबंध आहे. वसई येथे जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे जपानात व्यापार करीत. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू झाले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे जे सव्वीस जण क्रूसावर मारले गेले त्यांत ते होते. 1627 मध्ये त्यांना धन्य आणि 1862 मध्ये संत घोषित केले गेले. म्हणजे मरण आणि संतपद ह्यांत 265 वर्षांचे अंतर पडले. एवढा काळ थांबण्याची तयारी असलेली ही पद्धती उथळ म्हणता येणार नाही. गोव्यातील फ्रान्सिस झेवियर ह्यांची गोष्ट निराळी. ते 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले, 1622 मध्ये संत झाले. त्यांचे शरीर जुन्या गोव्यात आहे आणि उजव्या हाताचा भाग 1614 मध्ये काढून रोमला नेला गेला. शरीराचे दर्शन साधारण दहा वर्षांनी घडविले जाते. अलीकडचे 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत चालले.

येथे एक न्याय करणे आवश्यक आहे. कॅथलिक संतांस देव मानतात, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. तो त्यांचा सिद्धांत नव्हे. 787 मध्ये निकीया येथे भरलेल्या त्यांच्या धर्मसभेने ईश्वराची उपासना आणि पवित्र प्रतिमांचा आदर ह्यांत स्पष्ट भेद केला. संतांचा मान हा ह्या दुसऱ्या कोटीतला. संत हा त्यांच्या मते ईश्वरापाशी विनंती करणारा, देणारा ईश्वरच. प्रॉटेस्टंटांनी सोळाव्या शतकात ही मध्यस्थीही नाकारली. संताचे स्मरण उदाहरण म्हणून करावे, त्याची करुणा भाकू नये, असे 1530 च्या ऑग्सबर्ग येथील मतपत्रिकेत आहे.

इस्लामात वली म्हणजे ईश्वराचा स्नेही. पैगंबराच्या हातून घडलेल्या अद्भुतास आणि वलीच्या हातून घडलेल्या अद्भुतास तेथे दोन निराळी नावे आहेत. पहिले दाखविण्यासाठी असते, दुसरे लपविण्यासाठी. वेरूळजवळच्या खुलदाबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब ह्यांच्यापासून अनेक सूफींच्या कबरी आहेत, आणि तेथे नवस घेऊन जाणाऱ्यांत हिंदूही असतात. परंतु त्याच धर्मातील दुसरा पक्ष कबरीपाशी मागणे हाच दोष समजतो. त्याच भावनेतून मदिनेतील जुन्या कबरींवरचे घुमट 1925-26 च्या सुमारास पाडले गेले. जैनांचा विचार आणखी निराळा. त्यांच्या नमस्कारमंत्रात अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय व साधू अशा पाच पदांस वंदन आहे, व्यक्तीचे नाव एकही नाही. सिद्ध कोणावर कृपा करीत नाहीत, कोपही करीत नाहीत. वंदन गुणांस आहे. ह्या शिस्तीचे कौतुक वाटते; मात्र जीव स्वबळाने अनादि बंध तोडील, हे महानुभाव शास्त्रास मान्य होणारे नव्हे.

चमत्काराविषयी बौद्ध विनयातील एक कथा भिक्षुकांनी अवश्य मनन करावी अशी आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीने चंदनाचे पात्र उंच वेळूवर टांगले, आणि जो कोणी अर्हत व ऋद्धिमान असेल त्याने ते उतरवून घ्यावे असे जाहीर केले. पिंडोल भारद्वाज ह्या भिक्षूने आकाशात उडून ते पात्र घेतले. लोक जयघोष करीत त्याच्या मागे निघाले. गलबला ऐकून बुद्धांनी चौकशी केली, भिक्षूची कठोर निर्भर्त्सना केली, पात्राचे तुकडे करवून ते उगाळण्यासाठी देवविले, आणि गृहस्थांपुढे ऋद्धी दाखविणे हा दोष ठरविला. एवढेच काय, प्राप्त न झालेली सिद्धी प्राप्त झाली असे जाणूनबुजून सांगणाऱ्या भिक्षूस संघात राहता येत नाही. ते चार महादोषांपैकी एक आहे. लाकडाच्या एका वाटीसाठी सिद्धी खर्चिली, हे बुद्धांना लागले. सूत्रपाठाचा अभ्यास असलेल्या साधकास ही गोष्ट परकी वाटणार नाही. सिद्धी ह्या देवतांच्या विद्यांनी येतात, त्यांचे फळ नाशवंत असते. त्या असल्याने पुरुष मोक्षमार्गावर आहे असे सिद्ध होत नाही आणि नसल्याने काही उणे पडत नाही.

कीर्तीचे तसेच. कॅथलिक पद्धतीत चौकशीचा आरंभच लोकांत पसरलेल्या पावित्र्याच्या कीर्तीपासून होतो. परंतु त्याच धर्माच्या आदिकाळी ह्याच्या उलट वृत्तीही होती. मिसरच्या वाळवंटातील अँथनी हे 356 मध्ये वारले. लोक आपले प्रेत जतन करून पूजतील ह्या भयाने त्यांनी आपल्याजवळच्या दोघा शिष्यांस, देह कोठे पुरला हे कोणासही सांगू नये, असे बजावले होते. खुरासानात नवव्या शतकात मलामती म्हणून सूफी झाले. ते आपली साधना झाकून ठेवीत आणि लोकांनी दोष दिला तर तो आनंदाने घेत. यहुद्यांत अशी श्रद्धा आहे की प्रत्येक पिढीत छत्तीस गुप्त सज्जन असतात, जग त्यांच्यामुळे टिकते, आणि त्यांस कोणी ओळखत नाही.

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी अनुसरलेल्या जीवास जो आचार निरूपिला, तो ह्या गुप्त पावित्र्याच्या जातीचा आहे. जेथे ओळख नाही अशा ठिकाणी राहावे, झाडाखाली जन्म घालवावा, भिक्षा मिळेल ती घ्यावी, मान होऊ लागला की तेथून निघावे. ज्यास आपली कीर्ती व्हावीशी वाटते, त्याचे नित्य अटन कधीच थांबलेले असते, मग तो रोज दहा कोस का चालेना! स्वतः स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. मागे समाधी नाही. श्रीगोविंदप्रभूंची ऋद्धिपुरातील क्रीडा पाहणाऱ्यास तर पावित्र्याची कोणतीच लौकिक खूण तेथे सापडली नसती. ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरात शिरून अन्न घेत, मनास येईल तसे बोलत. कोणत्याही चौकशीमंडळाने अशा चरित्रावर संतपदाचा शिक्का मारला नसता. आणि ऋद्धिपूरच्या सामान्य माणसांनी मात्र त्यांस मायबाप मानले.

साक्षी गोळा करण्याचे काम महानुभाव पंथातही झाले आहे, आणि फार कसोशीने झाले आहे. ज्यांच्या समक्ष लीळा घडली त्यांस विचारून म्हाइंभटांनी त्या लिहिल्या. दोघांच्या आठवणीत फरक आढळला तेथे तो फरकही नोंदला गेला. परंतु ही साक्ष कोणास पद देण्यासाठी घेतली नव्हती. परमेश्वर सन्निधानी नाही, त्या असन्निधानात जीवाने स्मरण कशाचे करावे, ह्यासाठी ती होती. म्हणूनच लीळाचरित्रात चमत्कारांपेक्षा जेवणे, निजणे, वाट चालणे, कोणी काय विचारले आणि स्वामी काय म्हणाले, ह्यांचीच नोंद फार.

असन्निधानात आधार म्हणून स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही चार सांगितली आहेत. ह्यांपैकी दोन जड आणि दोन चेतन. ओट्याचा दगड आणि अंगाखांद्यावर वेष धारण केलेला भिक्षुक ह्यांस एकाच मालिकेत ठेवण्यात शास्त्राचा हेतू स्पष्ट आहे. दगड पूज्य झाला तो दगडाच्या गुणाने नव्हे, तेथे अवताराचे श्रीचरण लागले म्हणून. भिक्षुकाचे पूज्यत्वही असेच परमेश्वरसंबंधाचे आहे. भेद इतकाच की, दगड आपला संबंध गमावू शकत नाही, भिक्षुक गमावू शकतो. ह्या कारणाने भिक्षुकाची जबाबदारी दगडाहून मोठी. आणि ह्याच कारणाने भिक्षुकाने वापरलेले वस्त्र वा काठी ही प्रसाद होत नाही. प्रसाद तो अवताराचाच.

श्रीनागदेवाचार्यांइतका अधिकार पुढे कोणाचा झाला? स्वामींच्या पश्चात विखुरलेला परिवार त्यांनी सांभाळला. ग्रंथ मराठीतच राहावेत, साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायकांस ज्ञान अंतरू नये, हा आग्रह त्यांचाच. तरीही पंचकृष्णांत सहावे नाव कोणी मिळविले नाही. सातशे वर्षांहून अधिक काळ पाळलेला हा संयम साधा नव्हे. ह्याच्या उलट दादोसांचे उदाहरण आहे. महदाइसा, नागदेव आदी मंडळी आधी त्यांच्या परिवारातील होती. त्यांच्याच द्वारे ती स्वामींच्या दर्शनास आली. मंडळी स्वामींकडे ओढली जाऊ लागली, तेव्हा दादोसांच्या मनात जे सलले ते लीळाचरित्राने झाकलेले नाही. दादोस वाईट पुरुष नव्हते. शिष्य आपले आहेत, एवढेच त्यांना सुटले नाही.

आज जेथे महंतांची तसबीर देवपूजेच्या बरोबरीने उंचीवर लागते, त्यांच्या पुण्यतिथीस जेवढी गर्दी तेवढी अवतारदिनास नसते, अमुक बाबांच्या शब्दाने काम झाले असे वासनिक एकमेकांस सांगतात, तेथे हा प्रसंग पुन्हा वाचावा. दोष वासनिकाच्या भोळ्या प्रेमाचा थोडा. ते प्रेम जेथून आले तेथे परत न पोचविणाऱ्याचा अधिक. भिक्षुक गेला, किंवा आचारातून ढळला, तर अशा वासनिकाची श्रद्धाच कोसळते, कारण ती त्या एका जीवावर उभी असते.

दुसऱ्या धर्माच्या पवित्र पुरुषापुढे वासनिकाने कसे वागावे, हेही ह्यातच आले. गार्सियांनी आपल्या निष्ठेसाठी प्राण दिले, अँथनींनी मान टाळला. हे सांगताना जीभ अडखळू नये. त्यांच्या थडग्यापाशी नवस मात्र बोलू नये, जसा तो नागदेवाचार्यांच्या नावानेही बोलावयाचा नाही. भिक्षुक व वासनिक भेटतात तेव्हा दोघेही दंडवत करतात. वासनिकाने आधी केला तरी भिक्षुक तो स्वतःपाशी ठेवून घेत नाही. तोही दंडवत म्हणतो.