उभे राहिले ते काय?

४ मे २००७ च्या रात्री अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील ग्रीन्सबर्ग हे छोटे गाव टॉर्नेडोने जवळजवळ ९५ टक्के जमीनदोस्त केले. गाव पुन्हा उभे राहिले. जो वारा घरे घेऊन गेला, त्याच वाऱ्यावर तिथे पवनचक्क्या फिरू लागल्या. कौतुक होणारच! परंतु शिरगणती पाहावी: २००० साली १५७४ माणसे, २०१० साली ७७७. गाव आधीपासूनच ओसरत होते, हे खरे. तरी उभे राहिले ते काय, हा प्रश्न उरतोच. परतणाऱ्यांना आपण शूर म्हणतो. न परतलेल्यांविषयी कोणी बोलतच नाही. एखाद्या सत्तरीच्या म्हातारीचे कर्ज फिटलेले घर गेले. गावासाठी तिने पुन्हा कर्ज काढावे, असे कोणी म्हणावे? ती दूर लेकीकडेच राहिली, तर तिने गाव टाकले असे मला तरी म्हणवत नाही.